रिकाम्या खाटेची बेल

भुताखेतांवर माझा विश्वास आहे का, असं विचारशील तर मी उत्तर देणार नाही. आकड्यांवर आहे. आणि सांगणार आहे ते आकड्यांचंच आहे, तेव्हा मध्येमध्ये बोलू नकोस, माझा धागा तुटतो. दिवा तेवढा असू दे.

रविवार होता. सकाळी दहाच्या सुमाराला मी हॉस्पिटलच्या मागच्या दारानं आत शिरले. पिशवीत लॅपटॉप, पाण्याची बाटली आणि ताईनं बळेच कोंबलेला डबा. रखवालदार म्हणाला, "सुट्टीच्या दिवशी कसलं काम काढलंत?" मी म्हटलं, "मोजणीचं." खोटं नव्हतं ते.

ताई म्हणजे माझी सख्खी थोरली बहीण. त्या हॉस्पिटलात बावीस वर्षं नर्स, आणि गेली सहा वर्षं पुरुषांच्या वॉर्डाची मुख्य. मी प्रोग्रॅम लिहिते. पेशंटनं खाटेजवळचं बटण दाबलं की नर्सच्या टेबलासमोरच्या बोर्डावर त्या खाटेचा दिवा लागतो आणि बेल वाजते. बटण आणि दिवा यांच्या मधला प्रोग्रॅम माझा. "थोरली बेल ऐकून धावते, धाकटी बेल वाजवते," असं आई शेजारणींना सांगायची, आणि तेव्हा माझीही मान जरा ताठ व्हायची.

त्या रविवारच्या दहा दिवस आधी ताईच्या वॉर्डात सात नंबरच्या खाटेवर एक मास्तर वारले. आयुष्यभर शाळेत शिकवलेला माणूस, घशाचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे हाक मारायची सोय नाही. होतं ते एक बटण. शेजारी आठ नंबरला एक शिंपी होते, पाय टांगलेले, औषधाच्या गुंगीत. पडद्यापलीकडून त्यांना बटणाचा आवाज येत होता. खट्... खट्... शिंप्याला टाके मोजायची सवय. त्यांनी मोजलं. दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी सुरू झालं आणि एकतीसवर थांबलं.

ताई तिथून दहा पावलांवर टेबलाशी बसली होती. बोर्डावर दिवा लागला नाही. बेल वाजली नाही.

पण हे मानणार कोण? प्रोग्रॅमच्या नोंदीत त्या वेळी सातची एकही बेल नाही. आणि सर्व्हरच्या खोलीच्या दारावर फ्रेममध्ये प्रमाणपत्र लटकतंय, की या प्रोग्रॅमचं कोड कव्हरेज शंभर टक्के आहे. म्हणजे काय, तर चाचण्या घेताना प्रोग्रॅमची एकूण एक ओळ चालवून पाहिलेली आहे. यंत्र चुकत नाही म्हटल्यावर माणूस उरतो. ताईनं डुलकी काढायला सातचं बटण बंद करून ठेवलं असणार, असं ठरलं. तिला घरी बसवलं. सोमवारी अकरा वाजता चौकशी, आणि तिची नोकरी जाणार हे जवळजवळ नक्की.

घरी ती दिवसभर ओट्याशी असायची. भांडी घासायची, पुसायची, आणि तीच भांडी पुन्हा घासायला घ्यायची. शनिवारी रात्री एवढंच म्हणाली, "छोटे, मी खरंच ऐकलं नसेन का गं?"

मला संताप आला. तिचा नाही, त्या फ्रेममधल्या शंभराचा. मी ठरवलं, हा आकडा उलगडून बघायचा, मग तो माझ्यावर उलटला तरी चालेल.

सर्व्हरची खोली वॉर्डाला लागूनच आहे. मधे एक काचेची खिडकी. त्या आठवड्यात वॉर्ड रंगकामासाठी रिकामा केला होता. पेशंट हलवलेले, गाद्या उचललेल्या, लोखंडी खाटा तेवढ्या ओळीनं उभ्या. ताज्या रंगाचा वास, त्याखाली फिनेलचा, आणि त्याच्याही खाली तो हॉस्पिटलचा जुना गोडसर वास, जो कशानंच जात नाही. खोलीत पंख्यांची घरघर. मी डबा बाजूला ठेवला आणि मोजणी सुरू केली.

या मोजणीचं एक साधन असतं. ते प्रोग्रॅमच्या मागे बसतं आणि प्रत्येक ओळ किती वेळा चालली ते टिपतं. शेवटी रिपोर्ट देतं. चालली ती ओळ हिरवी, शेजारी आकडा. चालली नाही ती लाल, शेजारी शून्य. सगळ्या चाचण्या पुन्हा चालवल्या आणि रिपोर्ट उघडला. शंभर सोडा, एकही टक्का नाही. सगळं पान लालभडक.

तासभर डोकं धरून बसले. मग लक्षात आलं. प्रमाणपत्राच्या वेळी ऑफिसात एकाच वॉर्डापुरतं, प्रती न काढता मोजलं होतं; इथं मात्र माझा प्रोग्रॅम सुरू झाला की प्रत्येक वॉर्डासाठी स्वतःची एक वेगळी प्रत काढतो. खरं काम त्या प्रती करतात. मोजणारं साधन बसलं होतं मूळ प्रोग्रॅमपाशी, आणि तो बापडा नुसता बसून असतो. साधनाला सांगावं लागलं की प्रतींच्याही मागे जा.

गेलं. तरी आकडे येईनात. आता रिपोर्ट लालसुद्धा नव्हता, कोरा होता.

त्याचं कारण सापडलं तेव्हा अंगावर जरासा काटा आला, पण मी तो झटकला. चाचणी संपली की आमची पद्धत अशी होती की त्या प्रती तडकाफडकी मारून टाकायच्या. आणि हे साधन टिपलेले आकडे लिहितं ते प्रोग्रॅम आपल्या पायांनी शेवटापर्यंत पोहोचला तरच. मध्येच जीव घेतला तर त्याला काय काय दिसलं ते त्याच्याबरोबरच जातं. मी पद्धत बदलली. मारायचं नाही, थांब म्हणायचं, आणि लिहून होईपर्यंत वाट पाहायची.

आता आकडा आला. शंभर टक्के. तोच फ्रेममधला.

दुपारचा दीड वाजला होता. भूक लागली होती, पण डब्याला हात लावला नाही. शंभर टक्के बरोबर असतील तर ताई खोटी. ताई खोटी नाही. म्हणजे शंभरात खोट आहे. खिंडीत गाठल्यासारखी मी एकेक ओळ वाचत सुटले, आणि ती खोट मला दिसली. तुला सांगते, दिसायला नको होती असं वाटलं.

आमच्या धंद्यात एक पळवाट असते. एखादी ओळ चाचणीत चालवणं अवघड असेल, आणि हे प्रत्यक्षात घडणारच नाही असं आपल्याला वाटत असेल, तर तिच्या शेवटी एक खूण करायची. खुणेचा अर्थ, ही ओळ मोजू नका. साधन तिच्याकडे बघतच नाही. ऑफिसात नियम होता, शंभर टक्के असल्याशिवाय काम स्वीकारायचं नाही. मग काय, सगळेच खुणा करायचे. संध्याकाळी सहा वाजता घरी जायच्या घाईत तर सढळ हातानं. माझ्या प्रोग्रॅममध्ये अशा एकसष्ट खुणा निघाल्या.

सगळ्या काढून टाकल्या. पुन्हा मोजलं. शंभराचे ब्याण्णव झाले, आणि लाल ओळींत एक ओळ होती. खाट रिकामी असेल तर बेल सोडून द्या. दिवा लावू नका, नोंदही करू नका. तिच्या वर माझ्याच शब्दांत टीप होती:

"रिकाम्या खाटेवरून बेल वाजत नाही."

दोन वर्षांपूर्वी हे वाक्य लिहून मी हसले होते, एवढं मला आठवतंय.

खाट रिकामी आहे की भरलेली, ते दाराजवळच्या कॉम्प्युटरवरून ठरतं. पेशंटला एक्स-रेला नेलं की वॉर्डबॉय 'गेला' अशी नोंद करतो, परत आणला की 'आला'. त्या दिवसाच्या नोंदी मी काढल्या. खाट सात, गेला, तीन चाळीस. आला, चार पस्तीस. एक्स-रेवाल्यांच्या वहीत मात्र मास्तरांना चार वाजताच परत पाठवल्याचं होतं. मधली पस्तीस मिनिटं मास्तर खाटेवर होते आणि माझ्या प्रोग्रॅमच्या लेखी नव्हते. ते बटण दाबत होते आणि माझी ओळ प्रत्येक वेळी म्हणत होती, तिथं कुणी नाही.

मी तोंडावर हात घट्ट धरून बसले. रडू आलं ते आलंच. मग तोंड धुतलं आणि पुरावा गोळा करायला लागले. सोमवारच्या अकराला वेळ नव्हता फार.

एकच गोष्ट उरली होती. चौकशीत कुणी म्हणेल, तुमचं मोजणीचं साधन तरी धड आहे कशावरून? म्हणून मी ते चाचण्यांवरून काढून चालू प्रोग्रॅमवर लावलं, पुरुषांच्या वॉर्डाच्या प्रतीवर. वॉर्ड बंद, खाटा रिकाम्या, बटणं काढून खोक्यात भरलेली. सगळीकडे शून्य यायला हवं होतं. साडेतीनला लावलं आणि डबा उघडला. घास गार झाले होते.

चारच्या पुढे केव्हातरी पंख्यांच्या घरघरीत मला दुसरं काहीतरी ऐकू आल्यासारखं झालं. बारीक. थांबून थांबून. पेनाचं टोपण कुणी उगाच दाबत बसावं तसं. मी घास तोंडात तसाच धरून ऐकत राहिले. मग ते थांबलं.

साडेचारला प्रोग्रॅमला थांब म्हटलं. आकडे लिहून होईपर्यंत वाट पाहिली. रिपोर्ट उघडला. सगळं पान लाल, शून्य, शून्य, शून्य. मधोमध ती ओळ आणि तिच्याकडे नेणाऱ्या चार ओळी हिरव्या.

शेजारी आकडा होता. एकतीस.

मी उठून वॉर्डाच्या दाराशी गेले. कुलूप. किल्ली मामांकडे असते. मामा म्हणजे वॉर्डबॉय, पण पन्नाशी उलटलेले, म्हणून सगळेच त्यांना मामा म्हणतात. ते जिन्याखाली स्टुलावर बसले होते.

"मामा, आत कुणी गेलं होतं?"

"किल्ली माझ्या कमरेला आहे, बाई."

"उघडा."

त्यांनी कुलूप काढलं. दार उघडलं तसा रंगाचा वास अंगावर आला. बारा खाटा, भिंतीवर बेलच्या बारा पेट्या. बटणांच्या वायरी कापून टोकांना चिकटपट्टी लावलेली. सातच्या पेटीवर तर रंगाऱ्यानं निष्काळजीपणे ब्रश फिरवला होता, वायर शिरायचं भोकच बुजलेलं. मी नखानं खरवडून पाहिलं. रंग सुकून कडक झालेला.

"बटणं कुठायत?"

"खोक्यात. कोठीत. मोजून बारा..." मामा खाटेकडे बघत नव्हते. "बाई, तुम्हालाही ऐकू आलं का?"

मी सातच्या पेटीवरचा हात काढून घेतला.

"रोज येतं. चार दहाला. मी बाहेर बसतो, तरी येतं." त्यांचा आवाज अगदी खाली गेला. "त्या दिवशी मास्तरांना मीच आणलं. झोपवलं, पडदा ओढला. नोंद करणार तेवढ्यात वरून बोलावणं आलं... सिस्टर आतल्या खोलीत डॉक्टरांबरोबर होत्या, त्यांना दिसलंच नाही मी आलो ते. परत आलो तेव्हा नोंद केली. तोवर... सहा महिने राहिलेत हो माझे रिटायर व्हायला. तोंड उघडलं नाही मी."

मला त्यांच्यावर ओरडायचं होतं. पण कुठल्या तोंडानं? त्यांनी एक नोंद उशिरा केली होती. मी तर ती वेळ येणारच नाही असं लिहून मोकळी झाले होते.

"उद्या अकराला या," मी म्हटलं. "मी माझं सांगणार आहे. तुम्ही तुमचं सांगा."

सोमवारी मी सगळं टेबलावर मांडलं. खूण, ओळ, दोन्ही वेळा, माझं ते हसत लिहिलेलं वाक्य. एकतीसचा रिपोर्ट मात्र पिशवीतच ठेवला. चौकशीच्या बाईंनी चष्मा काढून विचारलं, "म्हणजे चूक तुमची, असं तुम्ही लिहून देताय?" मी म्हटलं, "हो, सही करून." मामा आले होते. खाली मान घालून का होईना, पण बोलले. ताईवरचा ठपका तासाभरात पुसला गेला. माझ्यावर आला तो अजून आहे, आणि तो असावा असंच मला वाटतं. मास्तरांच्या मुलासमोर मी हात जोडले. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही, आणि तेही बरोबरच होतं.

बाहेर आल्यावर मी ताईला तो रिपोर्ट दाखवला. तिनं आकडा पाहिला, कागदाची घडी घातली, आणि म्हणाली, "चारला पाच कमी असताना वॉर्डात जाऊ."

"ताई, अगं..."

"माझा पेशंट आहे तो. त्यानं बोलावलंय."

मी तेवढ्यात ती ओळ बदलली. खाट रिकामी असो की भरलेली, बेल आली की दिवा लागलाच पाहिजे. चार वाजता आम्ही दोघी बोर्डाखाली उभ्या होतो. खिडकीतून चांगलं लख्ख ऊन आत आलं होतं. मला वाटायचं अशा गोष्टींना अंधार लागतो. चार दहा झाले.

खट्.

बोर्डावर सातचा दिवा लागला. बेल वाजली. मी बोर्डाखालीच उभी राहिले. ताई मात्र नेहमीच्या चालीनं निघाली, झपाझप, बावीस वर्षं चालत आली तशी. "आले हं मास्तर... आले, आले." तिनं लोखंडी खाटेच्या कठड्यावर हात ठेवला, भिंतीवरचं 'नर्स आली'चं हिरवं बटण दाबलं. दिवा विझला. ती तशीच थोडा वेळ उभी होती, पाठमोरी. काय बोलली मला ऐकू आलं नाही.

नंतर मोजलं. एक. फक्त एकदा दाबावं लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी शून्य. तिसऱ्या दिवशी शून्य. मामा जिन्याखालून उठून वॉर्डाच्या दाराशी बसायला लागले.

इथं संपलं असं तुला वाटेल. मलाही वाटलं होतं. पण तो प्रोग्रॅम नऊ वॉर्डांत चालतो, आणि मी मोजणी एकाच वॉर्डाची लावली होती. त्या नव्या ओळीवर, म्हणजे नोंदीत रिकाम्या असलेल्या खाटांवरून, किती वेळा बेल येते ते बघायलाच हवं होतं. कुणी सांगितलं नव्हतं, पण आता मला चैन पडणार नव्हतं. उरलेल्या आठ वॉर्डांना साधन लावलं. सहा ठिकाणी शून्य, त्यात मुलांचा वॉर्डही होता, तेव्हा मी देवाचे आभार मानले. हाडांच्या वॉर्डात चार, आणि चारही वेळा खाटेवर खरी माणसं होती, नोंदी उशिरा झालेल्या. दिवे लागले, नर्सेस गेल्या. झकास.

आठवा वॉर्ड नव्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. तो अजून सुरू झालेला नाही. तिथं एकही पेशंट कधी गेलेला नाही. खाटांवरची प्लास्टिकं निघालेली नाहीत.

खाट तीन. एकशे अठरा.

वायर बिघडली असेल म्हणून मी तीनची पेटी उघडली, तपासली, पुन्हा बसवली. दुसऱ्या दिवशी दोनशे सहा. आज सकाळी मी स्वतः तिथं जाऊन उभी राहिले. नऊ वाजता बोर्डावर तीनचा दिवा लागला. मी धावले. हो, या वेळी धावले. हिरवं बटण दाबलं. "आले," म्हटलं, "मी आले, ती ओळ माझीच होती."

दिवा विझला नाही. खट्... खट्... बटण माझ्या डोळ्यांसमोर खाटेच्या कडेला लोंबकळत होतं, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं, आणि ते हलत नव्हतं. मी हिरवं बटण पुन्हा दाबलं. पुन्हा. मग काही सुचेना म्हणून ताईला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"काय गं, धापा का टाकतेयस?"

"ताई... इथं बेल थांबत नाहीये..."

"कुठली खाट?"

"तीन."

पलीकडे नळ बंद झाल्याचा आवाज आला. मग तिच्या नेहमीच्या, वॉर्डातल्या आवाजात म्हणाली, "आले हं. आलेच."

आणि दिवा विझला.

दिवा तिच्या आवाजानं विझला, हे मी अजून तिला सांगितलेलं नाही. ती आत स्वयंपाकघरात डबे घासतेय, आणि गुणगुणतेय, तुला ऐकू येतंय ना? ठपका पुसला गेल्यावर तिला नवी जबाबदारी मिळालीय. एक तारखेपासून तिसऱ्या मजल्यावरच्या त्या नव्या वॉर्डाची मुख्य. त्या खाटेवर कोण येणार आहे मला माहीत नाही, पण जो कुणी आहे तो तिचा आवाज ओळखतो. ती ओळ मी काढणार नाही, आणि तिच्यावर खूणही करणार नाही. परवा, एक तारखेला, तिच्याबरोबर मीही जाणार आहे.